नीरेत कालवलेली पुडी

सात लंगोटांपैकी चार पिळून दोरीवर गेले होते आणि तीन अजून साबणात होते, तेव्हा राकेरामावशीनं मला विहिरीवरून हाक मारली. कठड्याला लागून एक सपाट पोवळ्याचा दगड आहे, त्यावर बसून ती नातीचे कपडे धुते. पाचवा लंगोट तिनं दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडं धरला होता.

"आनेता, ये गं जरा. हे काय आहे बघ."

मी वाकून पाहिलं. शेंबडासारखं काहीतरी चिकटलं होतं आणि त्यात रक्ताचे दोन बारीक धागे.

"दात येत असतील तिला," मी म्हणाले.

"मलाही तेच वाटलं," मावशी म्हणाली, आणि लंगोट परत साबणात बुडवला.

माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे: सोमवार. वारा पडलेला. बेरोनिकाला दात. संध्याकाळच्या जपमाळेत एक फेरा तिच्यासाठी.

धुण्याचं पाणी दगडावरून ओघळून कुठं जातं ते आम्ही दोघींनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काही वाटलं नसतं. तान्ह्या मुलाची शी म्हणजे घाण नव्हे, हे आम्ही आमच्या आयांकडून ऐकलं होतं आणि आमच्या सुनांना सांगत होतो. दूध आणि नीरा पिणाऱ्या पोटात घाण येणार कुठून?

राकेरामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. तिचा नवरा आणि माझे सासरे चुलतभाऊ, आणि घरं शेजारी. दोन घरांच्या मधे ती विहीर, माझ्या डुकरांचं कुंपण, तिच्या डुकरांचं कुंपण आणि तिच्या नवऱ्याची कबर. जागाच तेवढी. आमचं तरावा बेट म्हणजे दोन समुद्रांमधली चिंचोळी पट्टी, बाहेरच्या समुद्राकडं तोंड करून खोकलं तर आतल्या समुद्रावर होडी दुरुस्त करणारा माणूस मान वर करतो.

मावशीबद्दल सांगायचं तर आधी मागण्याबद्दल सांगावं लागेल. आमच्यात नात्यातल्या माणसानं तोंड उघडून काही मागितलं की नाही म्हणता येत नाही. त्याला बुबूती म्हणतात. मागणाऱ्याला लाज वाटावी, देणाऱ्याला नव्हे, असा हिशेब असतो. पण लाज वाटणारे कमी झालेत. मावशीकडून लोकांनी आयुष्यभर मागून नेलं. शिवणयंत्र नेलं. केवड्याच्या पातीची तिनं पाच महिने विणलेली चटई नेली. नवऱ्याला पुरून यायच्या आत त्याची सायकल नेली. तिचा दीर उरिआम थट्टा करायचा, "वहिनी, तुझ्या घरात आता खांब तेवढे राहिलेत. त्यांना वाळवी लागलीये म्हणून कुणी मागत नाही."

"तुम्ही मागा ना भाऊजी," मावशी म्हणायची. "वाळवी तरी घरातल्या घरात राहील."

पण तिनं स्वतः कधी कुणाकडं काही मागितलेलं कुणाला आठवत नाही. एकदा तिच्याकडचं मीठ संपलं होतं, तर ती दोन दिवस अळणी मासा खात होती. मला कळल्यावर मी चिडले. "अहो मावशी, मी तीस पावलांवरही नाही!"

"मागितलं की समोरच्याचं तोंड बंद होतं," ती म्हणाली. "कुणाचं तोंड बंद करायला मला आवडत नाही."

बेरोनिकासुद्धा तिच्याकडं मागण्यातूनच आली. मावशीची धाकटी रूता नऊ महिन्यांच्या करारावर ऑस्ट्रेलियात स्ट्रॉबेरी खुडायला गेली. जायच्या आदल्या दिवशी आईसमोर बसून तिनं रीतसर मागितलं, "आई, हिला ठेवून घे. मी तुझ्याकडं मागते." पोर तेव्हा आठ महिन्यांची. मावशी सत्तरीला टेकलेली, गुडघे गेलेले. तिनं हात पुढं केले. त्यानंतर दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर माझ्या फोनवर रूताचा चेहरा यायचा, मागं लांबच लांब हिरव्या ओळी, आणि बेरोनिका त्या काचेला चाटायची.

मावशी पोरीचं सगळं नीट करायची, हे मी देवासमोर सांगेन. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या नर्स तेबोरानं गावाच्या मानेआबात, म्हणजे आमच्या बैठकीच्या मोठ्या छपराखाली, सगळ्या बायकांना बसवून पाणी उकळायला सांगितलं होतं. अर्ध्याजणींनी आठवडाभर उकळलं आणि सोडून दिलं. मावशीनं सोडलं नाही. नारळाची सोडणं गोळा करून आणायची, पातेलं खळखळ उकळायची, झाकायची, झाकणावर दगड ठेवायची. तेबोरा लोकांना म्हणायची, राकेरामावशीकडं जाऊन बघा.

फक्त नीरा कुणी उकळत नाही. उकळली की तिची काकवी होते, ती वेगळी वस्तू. तान्ह्यांना नीरा ताजी द्यायची, निम्मं पाणी घालून. आणि ते पाणी विहिरीतलं गार हवं, कारण उकळून कोमटलेलं पाणी घातलं की नीरा आंबते, असं सगळ्या म्हणतात. मीही म्हणायची. तेबोरानं विचारलं होतं, पिण्याचं पाणी उकळता ना? आम्ही हो म्हणालो, आणि खोटं बोललो नाही. नीरेतलं पाणी हे पाणी आहे असं आमच्या कुणाच्या मनातच आलं नाही.

नीरा उरिआमकाका काढायचा. उजाडताना आणि दिवस मावळायच्या आधी माडावर चढायचा, पोय, म्हणजे माडाचा न उमललेला तुरा, कापायचा आणि वरून भजनं म्हणायचा. खाली आल्यावर एक बाटली मावशीच्या दाराच्या खिळ्याला लटकवायची, हे ठरलेलं. "पोरीचा वाटा," एवढंच बोलायचा.

मंगळवारी बेरोनिकाला ताप चढला. शी करताना ती कुंथायची आणि रडायची. बुधवारी सकाळी आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

"किती वेळा झाली?" तेबोरानं विचारलं.

"मोजलं नाही," मावशी म्हणाली.

"सात पोरं वाढवलीत आणि मोजायला शिकला नाहीत?"

"सात वाढवली तेव्हा तू नव्हतीस ना मोजायला लावणारी."

तेबोरा हसली, पण हात चालूच होते. तिनं पोरीच्या पोटाच्या कातडीला चिमटा घेऊन सोडला, डोळे पाहिले, टाळूवर बोट ठेवलं. "अजून वेळ आहे," ती म्हणाली. मग लंगोट उलगडून बघितला आणि हसणं थांबलं.

"दात येतायत," मावशी म्हणाली.

"दातांचं रक्त खालून येत नसतं, मावशी. हे बघा, नुसतं पाण्यासारखं झालं असतं तर मी दुसरं काही म्हटलं असतं. पोरांचं पोट बिघडवणारे जंतू काय एक आहेत? कोंबड्यांच्या घाणीतून येतो तो एक, शिळ्या कालवणातून येतो तो एक. तांदळाच्या धुवणासारखं झालं तर मी पटकीच म्हणेन. पण हे रक्त, हा शेंबूड, वर ताप. मला शिगेला वाटतो. आतड्याला जखमा करतो तो. आणि फार लागत नाहीत, नखाखाली मावतील एवढे पुरतात."

"माझी नखं कापलेली असतात," मावशी म्हणाली.

"तुम्हाला कोण बोलतंय?"

तिनं शीचा नमुना एका डबीत घेतला, मोठ्या इस्पितळात पाठवायला. जुनं औषध या जंतूवर आता चालत नाही म्हणाली, नवं दिलं. कपाटात तेवढी एकच बाटली उरली होती, पुढचं जहाज आलं नव्हतं. आणि जलसंजीवनीच्या सहा पुड्या दिल्या. मावशीच्या हाताची बोटं एकेक मिटवत तिनं सांगितलं, "एक पुडी, एवढ्या बाटलीभर पाण्यात. पाणी उकळून गार केलेलं. दुसरं काही नाही. घोटघोट पाजायचं, प्रत्येक शीनंतर. औषधापेक्षा हे मोठं. पीत नसली किंवा सुस्त पडली तर माझ्या घरी या, जेवत असले तरी उठवा."

घरी येऊन मावशीनं तसंच केलं. झाकणावरचा दगड काढला, पाणी मोजून घेतलं, पुडी कालवली, कपाला तोंड लावून आधी स्वतः चव घेतली. बेरोनिकानं पहिला घोट थुंकला. दुसराही थुंकला. मग कप दिसला की ओठ घट्ट मिटून मान फिरवू लागली. दुपारपर्यंत चार चमचेसुद्धा पोटात गेले नसतील, आणि खाली चालूच. मी पोरीला मांडीवर धरून होते. दाराच्या खिळ्याला सकाळची बाटली तशीच होती.

मी म्हणाले, "नीरेत कालवा ना. नीरा ती घटाघटा पिते."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "तेबोरा दुसरं काही नाही म्हणाली."

"दुसरं म्हणजे चहा, सरबत. नीरा काय दुसरं आहे होय?"

तिनं जरा विचार केला. मग पुडी फोडली, बाटलीतली नीरा घेतली आणि नेहमीसारखं निम्मं पाणी घालायला ती बादली घेऊन विहिरीवर गेली. मीच दोर सोडला. बेरोनिका सगळं प्यायली. कप चाटून आणखी मागितलं. आम्ही दोघी रडलो आनंदानं.

वहीत आहे: बुधवार. पुडी नीरेत कालवायला मी सांगितलं. प्यायली. देवाची कृपा.

ते पान मी फाडलेलं नाही.

गुरुवारी शी वाढली. आम्हाला वाटलं आतली घाण धुऊन निघते आहे. जितकी शी तितकी तहान, जितकी तहान तितकी नीरा. उरिआमकाकानं आणखी एका माडाची पोय कापली, पोरीसाठी. दवाखान्यात जाऊया असं मी एकदा म्हणाले. मावशी म्हणाली, पीत नसली तर या म्हणाली होती ना, ही तर पितेय. ते खरंच होतं. औषध दिलं की ओकायची, पण पीत होती.

शुक्रवारी उजाडल्यावर ती प्यायची थांबली. डोळे आत गेले होते, रडत होती पण पाणी येत नव्हतं. पोटाला चिमटा घेतला तर कातडी तशीच उभी राहिली. मग तिचे हातपाय ताठ झाले आणि झटके यायला लागले. उरिआमकाका अर्ध्या माडावरून उतरला, रस्त्यावर मासे नेणारी गाडी अडवली. तेबोरानं दवाखान्याच्या दारातच पोरीला घेतलं, शीर शोधली, पायात शोधली, डोक्यात शोधली. दुपारची घंटा होत होती तेव्हा तिनं सुई खाली ठेवली.

हात धुऊन आल्यावर तिनं विचारलं, "पुड्या दिल्या होत्या का?"

"दिल्या," मावशी म्हणाली. "नीरेत."

तेबोरा स्टुलावर बसली. "नीरेत? आणि नीरेत पाणी कुठलं?"

"विहिरीतलं."

"अहो, एवढं गोड आतड्यात गेलं की ते अंगातलंच पाणी ओढून खाली काढतं. आणि वर त्या विहिरीचं पाणी!" तिचा आवाज चिरकला. "कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

माझ्या हातात रिकामा कप होता. गाडीत बसताना का उचलला कोण जाणे.

"मीच केलं," मावशी म्हणाली. "मला सुचलं."

पोरीच्या आजोबांच्या कबरीशेजारी खड्डा खणायचा ठरला, तर स्वच्छता खात्याचा माणूस आला. विहिरीपासून निदान तीस पावलं लांब पाहिजे म्हणाला. उरिआमकाका विहिरीपासून पावलं मोजत निघाला. सव्वीसला त्याचे पाय समुद्रात होते. तिथूनच तो ओरडला, "साहेब, इथं खणू का?" तो माणूस बिचारा कागदावर काहीतरी लिहून गेला. डुकरं, कबरी, संडासाचे खड्डे आणि विहिरी, सगळं एवढ्याशा पट्टीवर आम्ही मांडलं आहे, आणि दर दोन वर्षांनी कुणीतरी येऊन पाण्याची चित्रं वाटून जातं. चित्रातल्या अंगणात नेहमी भरपूर जागा असते.

चर्चच्या महिला संघाच्या बायका सांत्वनाला आल्या. एकजण म्हणाली, देवाला देवदूत हवा होता. मी देवाला मानते, त्याच्याशिवाय माझा एक दिवस गेलेला नाही. म्हणूनच हे मी त्याच्या नावावर लिहीत नाही. त्यानं पाऊस पाडून वाळूखाली गोडं पाणी साठवून दिलं. कठड्यापाशी लंगोट आम्ही धुतले.

मंगळवारी इस्पितळाचा कागद आला. मावशीला अक्षरं लागत नाहीत, मीच वाचला. शिगेला. विहिरीच्या पाण्याचंही लिहिलं होतं, माणसाच्या विष्ठेतले जंतू आहेत म्हणून. "आता नाव कळलं," मावशी म्हणाली, आणि कागद घडी करून पोरीच्या टोपीत ठेवला.

रूताला आठ दिवसांनंतरच्या विमानात जागा मिळाली. ती यायच्या आदल्या दुपारी मी मावशीसाठी नीरफणस भाजून नेला. ती सोडणं निवडत बसली होती. मी म्हणाले, "मावशी, उद्या रूताला मी सांगणार. नीरेचं मी बोलले होते."

तिनं हातातलं सोडण खाली ठेवलं, पदर सारखा करावा तशी अंगावरची लुंगी सारखी केली आणि मांडी घालून माझ्यासमोर बसली. रूता बसली होती तशी.

"आनेता, मी तुझ्याकडं मागते."

पन्नास वर्षांत तिनं हा शब्द काढला नव्हता.

"रूताला सांगू नकोस. कधीच."

"मावशी, असं नका करू. हे बरोबर नाही."

"ऐक. माझ्यावर चिडली तर मी आई आहे. अजून चार वर्षं मी आहे, फार तर पाच. मग चिडायला कुणी उरणार नाही. तुझ्यावर चिडली तर या विहिरीच्या दोन बाजूंना तुम्ही दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत पाठ फिरवून पाणी ओढाल. मी गेल्यावर तिला एक दार तरी उघडं पाहिजे."

"पाप आहे हे."

"मग फादरना सांग. रूताला नको." ती थोडी हसल्यासारखी झाली. "बघ, बंद केलं ना तुझं तोंड."

रूता आली. पोरीला आजोबांशेजारी पुरलं होतं तिथं बसून तिनं पांढरे खडे उचलून पुन्हा होते तसे लावले. घरात आल्यावर चटईवर बसली. उन्हानं तिचा चेहरा काळा पडला होता, बोटांना चिरा होत्या.

"नर्सनं पुड्या दिल्या होत्या ना?"

"दिल्या होत्या," मावशी म्हणाली.

"मग?"

"मी नीरेत कालवल्या."

"का?"

"पीत नव्हती गं."

"तिनं सांगितलं होतं ना दुसरं काही नाही म्हणून? सांगितलं होतं की नाही? सात वाढवली, सात वाढवली, गावभर सांगत फिरतेस!"

"हो."

"मी मागून ठेवली होती तिला तुझ्याकडं, आई."

मी चटईच्या विणीकडं पाहत होते. एका ठिकाणी पात चुकली होती, एकाखाली दोन गेल्या होत्या.

त्यानंतर रूता आईच्या घरात जेवत नाही, माझ्याकडं जेवते. काल तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ताई, तुम्ही तरी अडवायचं होतंत तिला. तुम्ही लिहिता-वाचता." मी तिच्यापुढं चहा ठेवला. पाणी दहा मिनिटं उकळलेलं होतं.

उरिआमकाका अजून दोन वेळा माडावर चढतो, पण भजन म्हणत नाही. सगळी नीरा काकवीला जाते. विहिरीच्या कठड्यापाशी मावशीनं स्वतः पोवळ्याचे दगड रचून ठेवलेत, कुणाला तिथं धुवायला बसता येऊ नये म्हणून. माझे कपडे मी आता लांब नेते. बाकीच्या बायका दगड बाजूला करून बसतात.

आज संध्याकाळी जपमाळेनंतर मावशी कुंपणापाशी आली. सहापैकी तीन पुड्या उरल्यात, म्हणाली, दुसऱ्या कुणाच्या पोराला होतील. उद्या सकाळी ती त्या दवाखान्यात परत द्यायला जाणार आहे.